नागपूरचे ४४ आणि वाशीचे ३४

मे महिन्याची सुट्टी लागली की नवी मुंबईतल्या फ्लॅटांमध्ये गावाकडची माणसे येऊ लागतात. वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल इथे राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे मूळ घर साताऱ्यात, जळगावात नाहीतर नागपुरात असते. शाळा बंद, नातवंडे मोकळी, मुलालाही चार दिवस रजा टाकता येते. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट मे महिन्याचेच निघते. मुलगा फोनवर जरा काळजीने म्हणतो, ‘‘बाबा, इथे फार उकडतंय.’’ नागपूरचे आजोबा हसतात. ‘‘अरे बाबू, इथं चव्वेचाळीस आहे. तुमच्याकडे चौतीस. आम्ही तर थंड हवेला येतोय!’’

तिसऱ्या-चौथ्या दिवशी याच आजोबांची भूक गेलेली असते, पावलांवर सूज असते आणि पहाटे लघवीला उठताना भोवळ येते. रक्तदाब मोजावा तर नेहमीपेक्षा बराच खाली. घरचे म्हणतात, प्रवासाची दगदग. दगदग असतेच, पण मुख्य कारण हवा. नागपूरच्या ४४ अंशांना सरावलेले शरीर वाशीच्या ३४ अंशांत थकते, ते का हे समजून घेतले तर समुद्राकाठच्या या शहरात कधी यायचे याचा हिशेब बदलतो.

घाम आला म्हणजे अंग थंड झाले, असे नव्हे. घाम वाळला तर अंग थंड होते. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मेमधल्या दुपारी नागपूरच्या हवेत आर्द्रता जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास असते. घाम दिसण्याआधीच उडतो, सदऱ्यावर नुसते मिठाचे पांढरे डाग उरतात. खाडीकाठी हीच आर्द्रता ६५ टक्क्यांच्या घरात असते. तिथे घाम वाळत नाही, ओघळतो. ओघळलेला घाम अंग थंड करत नाही, पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. नागपूरचा वाळ्याचा कूलर वाशीत आणून लावला तर खोली गार होण्याऐवजी ओली होईल. माणसाचे शरीरही त्या कूलरच्याच तत्त्वावर चालते.

हे मोजायची जुनी सोपी युक्ती आहे. थर्मामीटरच्या गोळ्याला ओले फडके गुंडाळायचे आणि वारा घालायचा. पाणी उडत जाते तसा पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. हे ‘वेट बल्ब’ तापमान. घाम वाळून अंग कुठवर थंड होऊ शकेल, याचा अंदाज त्यावरून येतो. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २३ च्या आसपास येतो. ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर तो साडेअठ्ठावीस होतो. म्हणजे या मापाने वाशी नागपूरपेक्षा पाच अंशांनी गरम! वेट बल्ब ३५ पर्यंत माणूस तग धरेल, असे बरीच वर्षे मानले जाई. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने प्रयोगशाळेत तपासले तेव्हा दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीराचा तोल सुटू लागला. त्या प्रयोगातली माणसे तरुण आणि धडधाकट होती. सत्तरीतल्या, दोन गोळ्या रक्तदाबाच्या आणि दोन मधुमेहाच्या घेणाऱ्या माणसाची मर्यादा त्याहून खाली असणार.

गोळ्यांचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी अंगातले पाणी आणि सोडियम कमी करते. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या साखरेबरोबर पाणीही लघवीतून काढतात. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांमुळे उन्हात हृदयाची गती हवी तेवढी वाढत नाही. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांनी घामच कमी येतो. यातली कोणतीही गोळी वाईट नाही आणि कोणतीही मनाने बंद करायची नाही. पण कोरड्या गावात बसवलेला डोस दमट गावात तसाच चालेल, हे गृहीत धरू नये. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना ‘महिनाभर मुंबईकडे चाललोय’ एवढे सांगितले तरी पुरते.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. राज्यभरातून आलेली लाखो माणसे उघड्यावर बसली होती. उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात या आकड्याला कुणी उन्हाळाही म्हणणार नाही. हवामान खाते मात्र किनाऱ्यासाठी वेगळा नियम लावते. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असेल तरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, किनाऱ्यावर तो ३७ पासून होतो. आणखी एक समज पुसायला हवा. उष्माघात झालेल्याची कातडी कोरडीच असते, असे नाही. दमट हवेत अंग घामाने निथळत असते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालत राहायचे.

मेमध्येच सर्वांत जास्त तापते, हेही किनाऱ्यावर खरे नाही. मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेतला आजवरचा उच्चांक ४२.२ अंश, तो १४ एप्रिल १९५२ चा. मार्चचा उच्चांक ४१.७, तो २८ मार्च १९५६ चा. शाळेच्या भूगोलातले खारे वारे इथे कामाला येतात. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात, दुपारचे खारे वारे उशिरा सुटतात आणि तोवर पारा चढतो. मेमध्ये समुद्राचा वारा लवकर सुटतो. आकडा उतरतो, दमटपणा वाढतो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा तेच: आकाश मोकळे, जमीन ओली, वारा पडलेला. दिवाळीला येणाऱ्यांनी ती कोणत्या तारखेला आहे ते आधी पाहावे. ऑक्टोबरच्या मध्यातली दिवाळी म्हणजे उन्हाळाच.

मग पावसाळा? उकाडा कमी होतो, हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ असते आणि खारघरचे डोंगर हिरवेगार होतात. पांडवकड्याच्या धबधब्याकडे जायला पावसाळ्यात बंदी असते, ती पाळावी. डॉक्टरांना खरी चिंता असते ती तुंबलेल्या पाण्याची आणि डासांची. उंदरांच्या लघवीतून पाण्यात मिसळणारे लेप्टोस्पायराचे जंतू पायावरच्या बारीकशा जखमेतून शरीरात शिरतात. मलेरियाचा शहरी डास स्वच्छ पाण्यात, म्हणजे गच्चीवरच्या टाकीत आणि बांधकामाच्या हौदात वाढतो. नवी मुंबईत बांधकाम कधी थांबत नाही.

यातली मेख अशी की पाहुण्याला ताप इथे येतच नाही. लेप्टोचा ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, मलेरियाचा साधारण दोन आठवड्यांनी. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया यकृतात दडून काही महिन्यांनीही उलटतो. तोवर पाहुणा लातूरला पोचलेला असतो. तिथले डॉक्टर व्हायरल म्हणून पाहतात, कारण वाशी स्टेशनबाहेर गुडघाभर पाण्यातून चालल्याचे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. लेप्टोवर वेळेत उपचार मिळाले तर साधे अँटिबायोटिकही काम करते, उशीर झाला की मूत्रपिंड आणि फुप्फुस धोक्यात येते. पाण्यातून चालणे झालेच तर प्रतिबंधक गोळीविषयी त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे आणि गावी ताप आला तर पहिले वाक्य प्रवासाचे असावे.

राहिला हिवाळा. ‘डिसेंबरात या, छान हवा असते’ हे जो तो सांगतो. हृदयविकार, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी हा सल्ला बरोबर आहे. दम्याच्या रुग्णासाठी तो चुकीचा आहे. थंडीत वारे मंदावतात, रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते आणि तिच्यावरचा उबदार थर झाकणासारखा काम करतो. तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातला धूर, बांधकामाची धूळ, महामार्गावरचे ट्रक, सारे त्या झाकणाखाली अडकते. खाडीवर सकाळी दिसणारे सगळे धुके धुके नसते. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. थंडीतल्या कित्येक सकाळी यातली पहिलीही ओलांडली जाते. दमेकऱ्याने पहाटे पाम बीच रस्त्यावर फिरायला जाण्याचा उत्साह तेव्हा आवरावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर आधी आकडा पाहावा, बाहेर पडायचेच तर दुपारी वारा सुटल्यावर.

अशा रुग्णांना गणपतीच्या सुमारास येणे अधिक सोयीचे. पावसाने हवा धुतलेली असते. अट एवढीच की फ्लॅटची भिंत गळकी, बुरशी धरलेली नसावी, कारण बुरशीनेही दमा उसळतो. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, त्यामुळे फ्लूची लस पाऊस सुरू होण्याआधीच घेतलेली बरी. मच्छरदाणीला पर्याय नाही.

नागपूरच्या आजोबांसाठी जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य सर्वांत चांगला. नातवंडांची शाळा असते, हे खरे. नातवंडांसाठी मेमध्येच यायचे असेल तर पहिला आठवडा निवांत काढावा. दमट हवेचा सराव व्हायला दहा-बारा दिवस लागतात. दुपारी बाहेर पडू नये, एका खोलीत एसी असावा, लघवीचा रंग गडद होतोय का पाहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने ‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला आपल्या डॉक्टरांना विचारूनच पाळावा.

जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्यांना ठाण्याच्या खाडीतले रोहितही भेटतात. २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झालेल्या या खाडीत ऐरोलीच्या केंद्रातून बोटी सुटतात. बोटीची वेळ भरतीवर ठरते, ती कधीकधी भर दुपारची निघते. टोपी आणि पाण्याची बाटली आठवणीने बरोबर घ्यावी.