आकाशाच्या चतुःसीमा

25 एप्रिल 2019. आपल्याकडे दुपारचे पावणेदोन वाजून गेले होते. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या लायगो उपकरणाने एक गुरुत्वीय लहर पकडली. बहुधा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. लायगोचं दुसरं, हॅनफर्डचं उपकरण नेमकं तेव्हा बंद होतं आणि इटलीतल्या व्हर्गोपर्यंत आलेला संकेत फारच क्षीण होता. त्यामुळे हे कुठे घडलं, याचं उत्तर नीट हिशेब झाल्यावरही एवढंच मिळालं: आकाशातल्या 8,284 चौरस अंशांत कुठेतरी.

अख्खं आकाश 41,253 चौरस अंशांचं. पौर्णिमेचा चंद्र त्यातला जेमतेम 0.2 व्यापतो. लडाखमध्ये हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ग्रोथ-इंडिया नावाची 70 सेंटिमीटरची दुर्बीण आहे. तिच्या एका फोटोत साधारण अर्धा चौरस अंश मावतो. करा हिशेब: सोळा हजारांवर फोटो! आणि अशा टकरीचा प्रकाश काही दिवसांत विझत जातो. म्हणून दुर्बीण आधी कुठे वळवायची हे संगणक ठरवतो. त्यासाठी त्याला आधी कळायला हवं की ‘तो भाग’ म्हणजे नेमका कुठला. माझ्या पीएचडीचा बराच वेळ या एका वाक्यात जातो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? खरेदीखतात जमिनीच्या चतुःसीमा लिहितात, तशा लिहा. मुरबे-सातपाटीच्या बोटींवरच्या जीपीएसमध्येही अक्षांश-रेखांशाचे बिंदू टाकून जागा पकडता येते. आकाशालाही तसेच दोन आकडे आहेत: रेखांशासारखा विषुवांश, अक्षांशासारखी क्रांती. चार कोपरे द्या, जोडा, झालं.

गावाच्या शिवारात हे चालतं, कारण तेवढी जमीन सपाट धरली तरी बिघडत नाही. आकाशात दर वळणावर बिघडतं.

पहिली गोष्ट, ‘जोडा’ म्हणजे काय? 60 अंश क्रांतीवर दोन बिंदू घ्या, त्यांच्या विषुवांशांत 90 अंशांचं अंतर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सगळीकडे 60 अंशांवरच राहील. पण गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता मध्यावर 67.8 अंशांपर्यंत वर चढतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान उत्तरेकडून वळसा घेतल्यासारखं दिसतं ना, तेच. फरक जवळजवळ आठ अंशांचा, म्हणजे पंधरा चंद्र शेजारीशेजारी ठेवावेत एवढा. दोन प्रोग्रॅमनी तेच कोपरे घेऊन दोन वेगळ्या रेघा मारल्या तर मधली दीर्घिका एकाच्या मते आत, दुसऱ्याच्या मते बाहेर.

दुसरं दुखणं शिवणीचं. विषुवांश 360 ला संपतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ही शिवण कुठून जाते माहीत आहे? भाद्रपदांच्या चौकोनातून! पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे 346 अंशांच्या आसपास, उत्तरा भाद्रपदाचे दोन 2 आणि 3 अंशांवर. डोळ्यांना सरळ चौकोन दिसतो, रुंदी विषुवांशात सुमारे 17 अंश. पण ‘सगळ्यात लहान आकडा ते सगळ्यात मोठा आकडा’ अशी चौकट आखणाऱ्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला तो 340 अंशांहून रुंद वाटतो. चौकोन सोडून उरलेलं आकाश तो तुमच्या हातात देतो.

ध्रुवाभोवतीच्या तुकड्याचं तर विचारूच नका. तिथे सगळे विषुवांश एका बिंदूत जमतात.

आणि सगळ्यात मजेशीर: आत कुठे? कागदावर बंद आकृती काढली की आत-बाहेर वेगळं सांगावं लागत नाही, बाहेरची बाजू अमर्याद असते. गोलावर दोन्ही बाजू मर्यादित. आकाशाच्या विषुववृत्तावर कुंपण घातलं तर उत्तर गोलार्ध आत की दक्षिण? कुंपण स्वतः काहीच सांगत नाही. काही सॉफ्टवेअर ‘कडेने चालताना डाव्या हाताला येईल ते आत’ असा नियम धरतात, काही लहान तुकडा निवडतात, काही आतला एक बिंदू वेगळा मागून घेतात. मला हा शेवटचा प्रकार आवडतो. एक आकडा जास्त लिहावा लागतो, पण भांडण मिटतं.

शिवण आणि ध्रुव यांच्यावर जुना, स्वस्त उपाय आहे: कोन सोडून द्यायचे. प्रत्येक दिशा म्हणजे गोलाच्या केंद्रातून निघालेला एक बाण, तीन आकड्यांचा. वर्तुळ म्हणजे मधला बाण आणि त्याच्यापासून किती कोनापर्यंत. सरळ कड म्हणजे केंद्रातून जाणारी पातळी. तारा तिच्या कुठल्या बाजूला, हे एका गुणाकार-बेरजेच्या चिन्हावरून कळतं. बाणांच्या जगात शून्य-तीनशेसाठ नाही आणि ध्रुवही इतर बिंदूंसारखाच एक.

पण गुरुत्वीय लहरींचा तुकडा चौकोन नसतो, वर्तुळही नसतो. तो लांबट, केळ्यासारखा वाकडा, कधी दोन-तीन तुकड्यांत फुटलेला. त्याला कुंपण घालायचं कशाला? इथे हीलपिक्स कामाला येतं. विश्वातल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाच्या नकाशांसाठी ही पद्धत तयार झाली. गोलाचे 12 समान क्षेत्रफळाचे घरकूल, प्रत्येकाचे चार, त्यांचे पुन्हा चार. नऊ वेळा केलं की 31,45,728 घरं होतात आणि चंद्राच्या थाळीत साधारण पंधरा मावतात. घराला नंबर असतो. 5 नंबरच्या घराची पिल्लं 20, 21, 22, 23. नंबराला चारने भागा, बाकी सोडा, आईचं घर सापडतं.

समान क्षेत्रफळाचं महत्त्व हलकं घेऊ नका. एक अंश रेखांश मुरब्याला सुमारे 105 किलोमीटरचा, हानलेच्या अक्षांशावर सुमारे 94 चा. आकाशातही ‘अंश गुणिले अंश’ जागा बदलली की बदलतं. हीलपिक्समध्ये घरं मोजली की क्षेत्रफळ आलं.

मग तुकडा म्हणजे घरांच्या नंबरांची यादी. भाग सलग असेल तिथे मोठी घरं, कडेला बारीक. पैसे देताना आधी पाचशेच्या नोटा, शेवटी सुटे, तसं. या यादीला मॉक म्हणतात. दोन तुकड्यांचा सामाईक भाग काढायचा तर भूमिती नाहीच, दोन याद्या ताडून बघायच्या.

लायगोच्या नकाशात प्रत्येक घरावर शक्यता लिहिलेली असते. सर्वांत दाट घरापासून बेरीज करत 90 टक्क्यांवर थांबायचं. जमलेली घरं म्हणजे ‘तो भाग’. 17 ऑगस्ट 2017 च्या टकरीत ही बेरीज 28 चौरस अंशांवर थांबली होती, कारण व्हर्गो सोबत होतं. फक्त लायगोची दोन उपकरणं धरली तर 190. त्या 28 मध्ये एनजीसी 4993 ही दीर्घिका सापडली. 2019 च्या टकरीचा प्रकाश मात्र कुणालाच खात्रीने सापडला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियाला 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ते सुरू झालं की हे तुकडे आणखी आक्रसतील.

फुकट मात्र काही मिळत नाही. घरांची कड करवतीसारखी असते आणि कॅमेऱ्याची चौकट धारदार. चौकटीला नुसतं टेकलेलं घर मोजायचं का? शोधताना मोजा, दोन फोटो जास्त काढले तर काही बिघडत नाही. पण ‘आम्ही 40 टक्के शक्यता पाहिली आणि तिथे काही नव्हतं’ असं पेपरात लिहायचं असेल, तर ज्यांचा मध्यबिंदू चौकटीत आहे तेवढीच घरं धरा. नाहीतर न पाहिलेलं आकाश पाहिलं म्हणून खपेल आणि दुसरं कुणी तिकडे दुर्बीण वळवणार नाही.

करून बघायचं असेल तर ॲलाडिन हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, किंवा पायथन येत असेल तर मॉकपाय. पहिला तुकडा भाद्रपदांचा चौकोन घ्या. क्षेत्रफळ हजारो चौरस अंश आलं, तर कुठे बघायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.