बियाण्याचा कोंबडा

पाहुणा आला म्हणजे खुराड्यातला कोणता कोंबडा आपण धरतो? सर्वांत अंगाने भरलेला असेल तो. बाजारातही गिऱ्हाईक त्यालाच आधी मिळते. मागे उरतो किडमिडा, आणि पुढच्या पिलांचा बाप तोच होतो! असे काही पिढ्या चालले, की ‘कोंबड्या अंगच धरीत नाहीत’ म्हणून आपण दैवाला बोल लावतो.

कोणी म्हणेल, ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. त्याचीच पिले का काढू नयेत? संकरित मक्याचे दाणे आपण बियाण्याला ठेवीत नाही, तेच कारण इथेही. ब्रॉयलर निरनिराळ्या निवडक वाणांच्या संकरातून होतो. त्याची पिले एकसारखी निपजत नाहीत. शिवाय अंग इतके भराभर वाढते, की पाय आणि काळीज साथ देत नाहीत. या ब्रॉयलरच्या पूर्वजांत इंग्लंडातली कॉर्निश ही जात आहे, आणि कॉर्निशमध्ये आपल्या अशील कोंबड्यांचे रक्त आहे! म्हणजे आपले मूळ वाण काही हलके नव्हे. फरक पडला तो निवडीने.

ती निवड घरीही करता येते. एकाच आठवड्यात निघालेल्या पिलांच्या पायांत रंगीत दोरा सैलसर बांधा आणि दोरा वेळोवेळी बदला. बारा आठवड्यांनी वजन करा. जड, सरळ पायांचे, चपळ नर-माद्या बियाण्याला ठेवा. बाकीचे खुशाल खा, विका. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. बापलेकींची जोडी नको. दुसऱ्या गावाशी कोंबड्याची अदलाबदल करा. नवा कोंबडा आधी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा आणि मानमोडीची लस सर्वांना टोचून घ्या. जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, कारण त्याचे बीज कोंबडीच्या पोटात काही दिवस टिकते.

खुडूक कोंबडीखाली आठवड्याच्या आतली, स्वच्छ, मध्यम आकाराची दहा-बारा अंडी ठेवा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडापुढे अंडे धरा. तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला. नुसते स्वच्छ दिसले तर ते काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात.

गुरुजींनी ही वजने मुलांकडून वहीत लिहून घ्यावीत. सरासरीचे गणित आणि आनुवंशाचा धडा एकाच वेळी होईल. आणि घरोघरी एवढे ध्यानात असावे: पहिला कोंबडा बियाण्याचा, ताटातला दुसरा.