मित्राचा निबंध आपण लिहायचा नाही, मग शिकवायचं काय?

निबंध शिकवता येतो का, आणि तोही आपल्याच बरोबरीच्या मित्राला? आजचा भाग त्यावर आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना वाहवत गेलो ते थोडं छाटलंय, सगळं नाही.

आधी पार्श्वभूमी. माझा बीटेकचा वर्गमित्र यवतमाळकडचा. मी हिंजवडीला नोकरीला लागलो, तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास करतो. चार वर्षं झाली. पूर्वी मुख्य परीक्षेत भाषेचा एक पेपर सोडला तर बाकी सगळं बहुपर्यायी होतं. मग लोकसेवा आयोगानं यूपीएससीसारखी वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरवलं. २०२३च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ती २०२५पर्यंत पुढे गेली. नव्या रचनेत निबंधाला स्वतंत्र २५० गुणांचा पेपर आहे, लेखी परीक्षेच्या एकूण १७५० पैकी. घरून त्याला सांगितलंय, हे शेवटचं वर्ष. त्यामुळे हे २५० गुण त्याच्यासाठी नुसते गुण नाहीत.

दर रविवारी सकाळी आम्ही दोन तास बसतो. मी काही भाषेचा प्राध्यापक नाही, कोड लिहितो. पण ऑफिसात दुसऱ्याचा कोड तपासायचं काम रोजचं आहे, आणि त्याचा इथं फार उपयोग झाला.

पहिल्या रविवारी त्यानं जो निबंध आणला त्याचा विषय होता, ‘शेतकऱ्याच्या मुलाला शेती का नको?’ पहिलं वाक्य तुम्ही ओळखलंच असेल: भारत हा कृषिप्रधान देश आहे. पुढे चार पानं तशीच. सदर, अनुषंगाने, बहुआयामी. एकही वाक्य चुकीचं नाही, आणि एकही त्याचं नाही.

हे का होतं, ते मला महत्त्वाचं वाटतं. चार वर्षं बहुपर्यायी प्रश्न सोडवणाऱ्या माणसाचं डोकं समोर असलेल्यातून चुकीचं काढून टाकायला तयार झालेलं असतं. उत्तर ओळखायचं, तयार करायचं नाही. कोऱ्या कागदावर पर्याय नसतात. मग माणूस आठवणीतले पर्याय गोळा करतो, म्हणजे क्लासच्या नोट्समधली वाक्यं. त्याला विचार करता येत नाही असं मुळीच नाही. तो करायचा कुठं हेच कोणी सांगितलेलं नसतं.

त्यानं मला थेट म्हटलं, “अबे, तू एक मस्तपैकी लिहून दे ना, मी त्याच्यावरून शिकतो.” मी नाही म्हटलं. तत्त्व वगैरे बाजूला ठेवा. मी लिहिलेला निबंध वाचून त्याला कळलं असतं की मी काय विचार केला, पण परीक्षा हॉलमध्ये मी शेजारी नसणार. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये ‘रायटिंग सेंटर’ असतात, तिथं बऱ्याचदा विद्यार्थीच विद्यार्थ्याला लेखनात मदत करतात. स्टीफन नॉर्थ यांचा १९८४चा एक लेख त्या क्षेत्रात फार गाजलेला आहे. त्यातला मुद्दा साधारण असा, की समोरचा कागद सुधारणं हे काम नाही, लिहिणारा सुधारणं हे काम आहे. म्हणून आमच्याकडे एक नियम झाला: रविवारी माझ्या हातात पेन नसतं. मी फक्त विचारतो.

तर त्या शेतीच्या निबंधावर मी विचारलं, “तुझ्या बाबांची शेती आहे ना? तुला का नको?” फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. (पॉडकास्टवाल्याची खोड, काय करणार.) तो अकरा मिनिटं बोलला. २०१७ला विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, त्या हंगामाबद्दल. म्हणाला, कापूस कमी झाला हे सगळ्यांनाच दिसतं, पण वेचणीचं गणित कोणी सांगत नाही. वेचणी किलोवर असते. किडकं बोंड नीट उमलत नाही, त्यामुळे दिवसभर वेचूनही मजुराच्या ओटीत किलो कमी पडतात. मग तो दर वाढवून मागतो किंवा दुसऱ्याच्या वावरात जातो. म्हणजे मालाला भाव कमी आणि तोच माल घरात आणायचा खर्च जास्त, दोन्ही एकाच वेळी. “बाप हिशेब करून राहिला होता का वेचावा का नाही वेचावा,” हे त्याचं वाक्य.

मी त्याला निबंधाची चार पानं दाखवली आणि विचारलं, “यातलं इथं कुठं आहे?”

तो म्हणाला, “हे निबंधात चालते का?”

माझ्या मते खरी अडचण ही होती. बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. आपल्याला जे ठाऊक आहे ते कागदावर नेण्याच्या लायकीचं नाही, असं त्याला आत कुठंतरी वाटत होतं. ‘फरदड’ हा शब्द लिहावा की नाही यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. हंगाम संपल्यावरही कपाशी न उपटता पाणी देऊन आणखी बोंडं घ्यायची, ती फरदड. चार पैसे जास्त सुटतात, पण अळीला पुढेही खायला मिळत राहतं आणि तिचं चक्र तुटत नाही. म्हणून कृषी खातंच सांगतं, फरदड घेऊ नका. खात्याला चालणारा शब्द परीक्षकाला का चालू नये? पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात अर्थ सांगायचा, बस. व्याकरण प्रमाण मराठीचं, शब्द आपल्या वावरातला.

मग रेकॉर्डिंग ऐकून त्यानंच लिहून काढलं. बोललेलं जसंच्या तसं निबंध होत नाही, हे या ब्लॉगचे वाचक जाणतातच. बोलताना आपण तीनदा मागे जातो. म्हणून पुढची पायरी: लिहून झालं की प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात पाच-सहा शब्दांत लिहायचं, हा परिच्छेद काय म्हणतो. ज्याच्याशेजारी काही लिहिता येत नाही तो उडवायचा. दोघांशेजारी तेच आलं तर एक करायचा. आणि समासातले तेवढेच शब्द वरून खाली वाचले तर युक्तिवाद कळला पाहिजे. त्याच्या पहिल्या निबंधात अकरा परिच्छेद होते. समासात चारच वेगळ्या गोष्टी निघाल्या. मी एक शब्द बोललो नाही, त्यानंच काट मारली.

वेळेचंही बघावं लागतं, ते पटकन सांगतो. आम्ही सराव यूपीएससीच्या साच्यावर करतो: तीन तास, दोन निबंध, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. म्हणजे एकाला दीड तास. त्यात वीस मिनिटं आखणी, पाच मिनिटं वाचून बघायला. उरली ६५. अकराशे शब्द धरले तर मिनिटाला सतरा. समोरचं बघून उतरवताना तो मिनिटाला एकवीस शब्द लिहायचा, विचार करत लिहिताना बारा. हात हळू नव्हता, वाक्यं लिहिता लिहिता शोधली जात होती. आखणी नीट व्हायला लागल्यावर तो पंधरापर्यंत आलाय.

मत मांडायची त्याला अजून भीती वाटते. परीक्षकाला नाही पटलं तर? मी म्हणतो, विरुद्ध बाजूचं सगळ्यात चांगलं कारण आधी तूच लिही, त्या माणसाला मूर्ख ठरवू नकोस, मग तुझं सांग. फरदडीच्या परिच्छेदात त्यानं ते केलं. फरदड घेणारा शेतकरी अडाणी नसतो, उन्हाळ्यात त्याच्याकडे पैसा यायची दुसरी वाटच नसते, असं आधी लिहिलं. त्यानंतरचं ‘तरीही’ जड पडतं.

आणि शुद्धलेखन? सगळ्यात शेवटी. कोड तपासताना एकदम पन्नास शेरे दिले तर समोरचा एकही नीट वाचत नाही, तसंच हे. आठवड्याला दोनच गोष्टी सांगायच्या. ऱ्हस्व-दीर्घ बघायला आम्ही सहाव्या रविवारी घेतलं, तोपर्यंत त्या चुका दिसत असूनही मी गप्प होतो. (सोपं नव्हतं, सांगून ठेवतो.)

सध्या आठवड्याला एक पूर्ण निबंध होतो. गेल्या रविवारी त्यानं माझ्या एका प्रश्नावर उलट विचारलं, “तू हे विचारून राहिला ते तुला समजलं नाही म्हणून, का मी लिहिलं नाही म्हणून?” मला खरंच समजलं नव्हतं. त्यानं तिथंच दोन वाक्यं वाढवली आणि वही माझ्याकडे सरकवली.

पुढचा विषय त्यानंच निवडलाय: जिल्ह्याच्या ठिकाणची अभ्यासिका. तो पूर्ण झाला आणि त्याची हरकत नसेल तर पुढच्या भागात त्यालाच माइकसमोर बसवतो.