घोड्याची पाठ आणि लेकराचा तोल

सुट्टीत भंडारदऱ्याला गेलेल्या कुटुंबात एखादे लेकरू सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाल्याने हातपाय ताठर राहिलेले असते. पर्यटनाच्या ठिकाणी पाठीवर बसवून फेरी मारणारा घोडा दिसला की आई-वडिलांना कुठेतरी ऐकलेले आठवते, "घोड्यावर बसवलं की अशी पोरं सुधारतात म्हणे." ऐकलेले अगदी खोटे नाही. पण त्या फेरीत आणि उपचारात मोठा फरक आहे.

घोडा चालू लागला की त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि थोडी वळतेही. माणूस चालताना त्याची कंबर जशी हलते, जवळपास तशीच ही हालचाल असते. जे मूल कधी चाललेच नाही, त्याच्या कमरेला चालण्याची ही लय घोड्याच्या पाठीवर मिळते. प्रत्येक पावलाला तोल थोडा ढळतो आणि मूल तो सावरते. त्यातून पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना काम मिळते. पाय फाकवून बसल्यामुळे मांड्यांच्या आतले आवळलेले स्नायू ताणले जातात. घोड्याचे अंग आपल्यापेक्षा किंचित गरम असते, त्या उबेनेही ते सैल पडायला मदत होते.

घोड्याच्या चालीचा असा वापर फिजिओथेरपिस्ट करतो तेव्हा त्याला हिप्पोथेरपी म्हणतात. घोडा शांत आणि शिकवलेला लागतो. एक जण लगाम धरतो, दोघे दोन्ही बाजूंनी मुलाला आधार देत चालतात, आणि थेरपिस्ट घोड्याची गती व मुलाची बसण्याची पद्धत बदलत राहतो. डोक्यावर हेल्मेट असतेच. असे आठवड्यामागून आठवडे चालते. बसण्याचा तोल सुधारतो असे काही अभ्यासांत दिसले आहे, पण बहुतेक अभ्यास लहान आहेत. याने सेरेब्रल पाल्सी बरी होते असे कोणी सांगून पैसे मागत असेल, तर तो अंगारे-धुपारे विकणाऱ्याचाच भाऊ समजावा.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे राहिले, घोड्यावर चढता-उतरताना मदत लागे. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून त्यांनी ड्रेसाज या अश्वारोहण प्रकारात रौप्यपदक मिळवले. अपंगांसाठीच्या घोडेस्वारीला जगभर चालना मिळाली ती त्यांच्यामुळे. लक्षात घ्या, त्या आधीपासून कसलेल्या स्वार होत्या.

काही मुलांना घोड्यावर बसवणे धोक्याचे ठरते. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. खुब्याचा सांधा निखळलेला असेल, हाडे ठिसूळ असतील, फिट आटोक्यात नसेल तर डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय बसवूच नये. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. लस वेळेवर झाली आहे ना, हे पाहावे.

असे उपचार मोठ्या शहरांत, तेही मोजक्या ठिकाणी आणि खर्चाचे. अकोले तालुक्यातल्या मजुराने त्यासाठी कर्ज काढू नये. मूल दोन-तीन वर्षांचे होण्याआधीच नेहमीची फिजिओथेरपी सुरू होणे जास्त मोलाचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येते, तेव्हा मूल लपवू नका, पुढे करा. पथक आले नसेल तर राजूर किंवा अकोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' विमा आहे. त्यात 1 लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने उपचार हा हक्क आहे, तेव्हा खिडकीवर हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही.

घोड्याऐवजी घरातली गादीची घट्ट वळकटीही चालते. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावे. मुलाला वळकटीवर दोन्हीकडे पाय टाकून बसवायचे, मागून कमरेला धरायचे आणि वळकटी हळूहळू डावी-उजवीकडे हलवायची. समोर आवडते खेळणे धरले की मूल ते घ्यायला वाकते आणि तोल सावरायला शिकते. रोज 10-15 मिनिटे, मूल कंटाळले की थांबायचे.