तीन मिलिग्रॅमचा पहारा

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीरातला 20 टक्के ऑक्सिजन त्याला एकट्याला लागतो. तो पोहोचवणाऱ्या मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या, तर सुमारे 600 किलोमीटर भरतात. त्या इतक्या अरुंद, की 7-8 मायक्रॉनच्या तांबड्या पेशीलाही अंग चोरून जावं लागतं.

ही वाट मोकळी ठेवणारं एक विकर आहे, अ‍ॅडॅम्ट्स-13. एक मिलिलिटर प्लाझ्मात ते साधारण 1 मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे अख्ख्या माणसात जेमतेम 3 मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाचा शंभरावा भाग! रक्तातल्या फॉन विलेब्रांड प्रथिनाच्या लांबच लांब साखळ्या कापायच्या, एवढंच त्याचं काम. साखळीच्या प्रत्येक कडीत 2,050 अमिनो आम्लं, आणि कापायची जागा त्यातली ठरलेली एकच.

वर्षाला दहा लाखांत दोन-तीन माणसांत या विकराचं काम 10 टक्क्यांच्याही खाली जातं. बहुतेकदा शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे. मग न कापलेल्या साखळ्यांना प्लेटलेट चिकटतात आणि सूक्ष्म गुठळ्यांनी वाटा तुंबतात. हाच थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा, टीटीपी. निम्म्याहून अधिक रुग्णांत मेंदू पकडला जातो: डोकेदुखी, भ्रम, अडखळतं बोलणं, झटके, पक्षाघात, कोमा. लक्षणं येतात, ओसरतात, पुन्हा येतात. सीटी स्कॅन तर पुष्कळदा स्वच्छ असतो, आणि मला सर्वांत भीती वाटते ती त्याचीच.

1924 मध्ये न्यूयॉर्कच्या एली मॉशकोविट्झ यांनी या आजाराने दगावलेल्या 16 वर्षांच्या मुलीची नोंद केली. उपचारांविना शंभरातले नव्वद जात. 1991 च्या कॅनडातल्या चाचणीत प्लाझ्मा बदललेल्यांपैकी, म्हणजे स्वतःचा काढून दात्यांचा दिलेल्यांपैकी, 78 टक्के सहा महिन्यांनंतर जिवंत होते. 60 किलोच्या माणसाला एका वेळी सुमारे 2.4 लिटर प्लाझ्मा लागतो, म्हणजे दहा-बारा पिशव्या, दहा-बारा अनोळखी रक्तदात्यांच्या. आणि हे रोज, प्लेटलेट सावरेपर्यंत.

डेंग्यूमुळे आपल्याकडे घरोघरी प्लेटलेटचे आकडे पाठ झालेत. दीड लाखाच्या खाली गेले की जीव घाबरा होतो, तीस हजारांवर आले की प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावाधाव. टीटीपीतही आकडा बहुधा तीस हजारांखालीच असतो, पण इथे प्लेटलेट गुठळ्यांत खर्ची पडलेल्या असतात. वरून आणखी देणं शक्यतो टाळतात. म्हणून प्लेटलेट कमी आणि माणूस असंबद्ध बोलतोय, असं दिसलं तर डॉक्टरांना स्मीअरबद्दल, म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीबद्दल, जरूर विचारा. त्यात फुटलेल्या तांबड्या पेशी दिसल्या, तर प्लाझ्मा बदलणं त्याच दिवशी सुरू व्हायला हवं.