फक्कीच्या रेघेवर उभ्या मुली

श्रावण सरला, गणपती आले-गेले की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात तालुका क्रीडा स्पर्धांची गडबड असते. पाऊस पुरता उघडलेला नसतो. भुदरगड-राधानगरीकडे तर शिपाई सकाळी फक्कीने रेघा मारतो आणि शर्यतीआधीच एक सर येऊन निम्म्या रेघा धुऊन नेते. उरलेल्या रेघेवर मुली उभ्या राहतात. बऱ्याच जणी अनवाणी, शाळेच्या गणवेशातली सलवार घोट्याच्या वर दुमडलेली, वेणी अंबाड्यासारखी घट्ट गुंडाळलेली. शिट्टी वाजते आणि पुढच्या पंधरा-सोळा सेकंदांत शंभर मीटरचा निकाल लागतो. त्या सेकंदांपर्यंत पोचायला मात्र घरात आठवडाभर भांडावे लागलेले असते.

हे भांडण मला प्रथम कळले ते बँकेच्या काउंटरवर. ऐंशीच्या दशकात मी वेदगंगेच्या खोऱ्यातल्या एका शाखेत होतो. गावच्या हायस्कूलचे खाते आमच्याकडे. मुख्याध्यापक क्रीडा निधीतून पैसे काढायला येत. रक्कम दोन-तीनशे रुपयांच्या आतली. खर्च काय, हे विचारायचे मला काही कारण नव्हते, पण माणूस बोलका होता. "साहेब, मुलांचं एसटीचं तिकीट आणि वडापाव." मुलींचे? "मुलींचं काय, त्या गावातच खेळतात." कबड्डी आणि खो-खो शाळेच्या पटांगणात, गॅदरिंगला लेझीम, सव्वीस जानेवारीला कवायत, मुलींच्या खेळाची सीमा तिथे संपत असे.

वाचकहो, जिल्ह्याला खेळाचे वावडे होते असे कोण म्हणेल? शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शाळा आणि तालीम ही दोन्ही या मातीतली दैवते. फक्त तालमीचा उंबरा मुलींसाठी नव्हता. तो ओलांडायला पुढे सत्तर-ऐंशी वर्षे लागली. बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्येच आली २००४ साली. त्यानंतर बारा वर्षांनी वडणग्याच्या रेश्मा माने हिने सिंगापूरला राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत सुवर्ण जिंकले. मुरगूडसारख्या छोट्या गावातल्या मुलींची नावे आज राष्ट्रीय कुस्तीत घेतली जातात. ज्या वेदगंगेच्या काठी 'मुली गावातच खेळतात' हे मी ऐकले, त्याच नदीकाठचे हे मुरगूड.

धावण्याची गोष्ट थोडी वेगळी. कुस्तीला निदान आखाडा लागतो, वस्ताद लागतो. धावायला रस्ता पुरतो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले मोही हे दुष्काळी गाव. तिथली ललिता बाबर आधी खो-खो खेळायची, मग धावू लागली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती सलग तीनदा पहिली आली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिली भारतीय स्त्री. आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. स्टीपलचेस ही शर्यत बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये २००८ पर्यंत नव्हतीच. मोहीच्या पोरीने धावायला सुरुवात केली तेव्हा तिची शर्यत अजून जन्मायची होती.

'पोरीच्या जातीनं इतकं पळू नये' हे वाक्य आपल्या आज्यांचेच आहे असे समजू नये. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना प्रथमच धावण्याच्या शर्यतींत घेतले. आठशे मीटर जर्मनीच्या लीना राडके हिने जागतिक विक्रमासह जिंकले. पण शर्यत संपल्यावर बायका मैदानात कोसळल्याची वर्णने वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून छापली. झाले! ती शर्यत ऑलिंपिकमधून जी गेली ती १९६० सालीच परतली. सुटाबुटातल्या साहेबांना बत्तीस वर्षे लागली, तिथे आमच्या गावच्या आजीला काय बोल लावायचा?

गेल्या वर्षी मला अशाच एका हायस्कूलने बक्षीस समारंभाला बोलावले. लेखक आणि निवृत्त अधिकारी, म्हणजे नारळ-शालीला दोन्ही बाजूंनी पात्र. शाळा लहान. आठवी ते दहावी तीन तुकड्या, डांबरी रस्त्यापासून चालत अर्धा तास. हस्तलिखिताचे प्रकाशन झाले, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे दाखले वाटले. मग नववीतली एक मुलगी पुढे आली. आठशे मीटरमध्ये तालुक्यात दुसरी. सर माझ्या कानाशी म्हणाले, "जिल्ह्याला निवड झालीया, पण घरातनं सोडंनात."

समारंभानंतर सरांबरोबर मीही तिच्या घरी गेलो. आई गोठ्यात धार काढत होती. बसायला पोते टाकले, चहा झाला. मी माझे ललिता बाबरचे पुराण सुरू केले. बाईंनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "ते खरं हाय वो. पर कोल्लापूरला सांच्याला संपणार, हितं मुक्कामाची गाडी नऊला. रानातल्या वाटंनं रातीचं कोण आणणार हिला? आन् संगं बाई कोण हाय?" शेवटचा प्रश्न खरा होता. मुलीचे वय चौदा. महिन्यातले चार दिवस कोणाला सांगायचे, कपडे कुठे बदलायचे, हे सगळे त्या एका प्रश्नात होते. बाईंचा विरोध धावण्याला नव्हता. घरची दोन म्हशींची वैरण पोरगीच पळत आणते, हे त्यांनीच कौतुकाने सांगितले.

माझ्यातला बँकवाला जागा झाला आणि मी हिशेब मांडू लागलो. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. खेळाचा अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तरच. वरच्या वर्गांतही पदे पटावरच ठरतात. म्हणजे शाळा जितकी आडवाटेची, तितका पट लहान आणि तितकी खेळाच्या शिक्षकाची आशा कमी. बाई शिक्षिकेची तर बातच सोडा. या शाळेत गणिताचे सरच खेळ घेतात. दुसरीकडे खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के जागा आहेत, दहावीला सवलतीचे गुण आहेत. ललिता बाबर स्वतः महसूल खात्यात अधिकारी झाली. शिडीची वरची टोके सरकारने चांगली बांधली. खालची पायरी मात्र गणिताच्या सरांच्या मोटरसायकलवर उभी आहे.

तोडगा काढला तो शाळेच्या क्लार्कबाईंनी. त्या म्हणाल्या, "मी जाते संगं. रात्री माझ्या बहिणीकडं कोल्हापुरात राहू, सकाळच्या गाडीनं येऊ." आईने क्षणभर विचार केला आणि लेकीला म्हणाली, "जा. पर सकाळची वैरण आल्यावर तूच आणायची."

मुलगी जिल्ह्यात सहावी आली. पदक नाही, पुढची फेरी नाही. सरांनी फोनवर वेळ सांगितली; तालुक्यापेक्षा चार सेकंदांनी कमी. यंदा तिच्या शाळेतून जिल्ह्याला तीन मुली जायच्या आहेत. क्लार्कबाईच सोबत जाणार. फक्त त्यांची ती दोन दिवसांची हजेरी कामावर धरायची की किरकोळ रजेत, हा विषय संस्थेच्या बैठकीत दोनदा येऊन पुढे ढकलला गेला आहे.