तेलबंद निर्वात-पंपांची प्रतिबंधक निगा : बाष्पाचा प्रश्न

कारखान्यातील निर्वात-पंपाच्या निगेचा विचार बहुधा तेल बदलण्याच्या तारखेपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. अमुक तासांनी तेल बदलावे, तमुक महिन्यांनी पट्टा तपासावा, अशी कोष्टके यंत्राशेजारी टांगलेली असतात. ती काटेकोर पाळूनही पंप अकाली निकामी होतात. फिरत्या पात्यांचा तेलबंद पंप किती तास चालला यापेक्षा त्या तासांत त्याने किती बाष्प ओढले, यावर त्याचे आयुष्य अधिक अवलंबून असते, हे त्याचे कारण होय. औषधांचे शीतशुष्कन किंवा ट्रान्सफॉर्मरमधील विद्युत्-रोधकाचे शुष्कन यांसारख्या कामांत तर बाष्पाशी गाठ रोजचीच असते.

या पंपात तेल वंगणाचे काम करते हे सर्वांस ठाऊक असते; परंतु पाती आणि कवच यांमधील सूक्ष्म फट बुजविणे हे त्याचे अधिक महत्त्वाचे कार्य आहे. आत आलेला वायू दाबला जाऊन वातावरणाच्या दाबाहून किंचित अधिक दाबाचा झाला, म्हणजे निकास-झडप उघडते. कोरड्या हवेच्या बाबतीत यात अडचण नाही. पाण्याच्या वाफेचे तसे नाही. समजा, १० टॉर दाबाची वाफ पंपात शिरली (१ टॉर म्हणजे सुमारे १३३ पास्कल). झडप उघडण्यासाठी ती ७६० टॉरच्या वर जावयास हवी. परंतु ७० अंश सेल्सिअसवर पाण्याचा संपृक्त बाष्पदाब केवळ २३४ टॉर असतो. साहजिकच सुमारे तेवीसपट दाबली जाताच वाफेचे पाणी होऊ लागते. पंप थंड, म्हणजे २५ अंशांवर असेल, तर ही मर्यादा २४ टॉरवर येते आणि अडीच पटींच्या आतच पाणी सुटते. हे पाणी तेलात मिसळून तेलाबरोबर पुन्हा चोषण-बाजूस जाते व तेथील अल्प दाबात त्याची पुन्हा वाफ होते. पंप मग आपलीच वाफ पुनःपुन्हा दाबीत राहतो. आधी निर्वात घसरतो. पुढे तेलाचा पापुद्रा तुटू लागतो आणि गंज चढून पाती झिजतात.

यावरील उपाय वोल्फगांग गेडे याने १९३५ मध्ये सुचविला. दाबक्रिया चालू असतानाच थोडी बाहेरची हवा आत सोडावयाची. त्यामुळे वाफेचे पाणी होण्यापूर्वीच मिश्रणाचा एकूण दाब झडप उघडण्याइतका होतो. ‘गॅस बॅलस्ट’ म्हणून ओळखली जाणारी झडप ती हीच. बॅलस्टची हवा पंपाच्या विस्थापनाच्या एक-दशांश आणि पूर्ण कोरडी धरली, तर आदर्श हिशेबाने ७० अंशांवरील पंप सुमारे ३४ टॉरची, तर ५० अंशांवरील पंप केवळ १० टॉरची वाफ पाणी होऊ न देता बाहेर टाकू शकतो. तपमानातील वीस अंशांच्या फरकाने क्षमता तिपटीहून अधिक बदलते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिवाय बॅलस्टची हवा कोरडी असतेच असे नाही. मुंबईच्या पावसाळ्यात ३० अंश तपमानाच्या व ९० टक्के आर्द्र हवेत वाफेचा दाब सुमारे २९ टॉर असतो. अशा हवेने ७० अंशांवरील पंपाची क्षमता एक-अष्टमांशाने, तर ५० अंशांवरील पंपाची जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. परदेशी पुस्तिकेतील आकडे येथे जसेच्या तसे घेणे म्हणूनच युक्त नव्हे.

यावरून चालकाने करावयाच्या गोष्टी आपोआप निघतात. चोषण-झडप बंद व बॅलस्ट उघडा ठेवून पंप सुमारे अर्धा तास तापवावा; मगच त्यावर बाष्पाचे काम सोपवावे. काम संपल्यावरही त्याच रीतीने तो अर्धा तास चालू ठेवावा. संध्याकाळी घाईने बंद केलेल्या पंपातील पाणी रात्रभर धातूस लागून राहते. बॅलस्ट उघडा असता द्विपदी पंपाचा अंतिम दाब ०.००१ टॉरवरून ०.०१ टॉरच्या आसपास जातो. तो दोष समजून झडप कायमची आवळून टाकणारे चालक पुष्कळ आढळतात.

निगेचे खरे साधन म्हणजे नोंदवही. नव्या तेलावर, तापलेल्या स्थितीत, चोषणमुख बंद करून मिळणारा अंतिम दाब टिपून ठेवावा आणि दर आठवड्यास त्याच्याशी ताडून पाहावा. दाब वाढलेला आढळल्यास बॅलस्टवर पंप चालवावा; तेवढ्याने तो पूर्ववत झाला, तर दोष बाष्पाचा होता. न झाल्यास तेल गरम असतानाच काढून नवे भरावे. तरीही सुधारणा नसेल, तरच पाती, झडप वा दांड्याचे सील यांकडे वळावे. पिरानी दाबमापक अधिक दाब दाखवीत असून मॅक्लिऑड मात्र उत्तम निर्वात दाखवीत असेल, तर बाष्पाचा संशय बळावतो. कारण मॅक्लिऑडमध्ये वाफ दाबली जाऊन तिचे पाणी होते व ती मोजलीच जात नाही. पाऱ्यामुळे हे उपकरण आज मागे पडले असले, तरी जेथे ते आहे तेथे ही तुलना उपयोगी पडते.

तेल बदलताना पंप केरोसीनने अथवा अन्य द्रावकाने धुण्याची प्रथा सोडून द्यावी; मागे राहिलेला अंशच पुढे अंतिम दाब बिघडवितो. त्याच तेलाचा थोडा भाग घालून, पंप क्षणभर फिरवून तो काढून टाकणे पुरेसे होते. शुद्ध ऑक्सिजन ओढावयाचा असल्यास खनिज तेलाचा पंप मुळीच वापरू नये. तेथे स्फोटाचा धोका असतो आणि त्यासाठी ऑक्सिजनशी अभिक्रिया न करणारे फ्लोरीनयुक्त तेल व त्यास अनुरूप पंपच लागतो.